तांडेलाचं वजन

सफुरानं तांदळाच्या पिंपात माप घातलं आणि ते मध्येच कशाला तरी अडलं. कोपरापर्यंत हात घालून तिनं ते बाहेर ओढलं, तर पुस्तक. जाडजूड, गुळगुळीत, वर आग ओकणारं भलंमोठं जनावर.

"मुसअब!" तिनं हाक मारली. "ही घोरपड माझ्या तांदळात कुणी घातली?"

पडवीत एकदम सामसूम झाली. एरवी सामसूम होणारं ते टोळकंच नव्हतं. दर रविवारी दुपारी आगरदांड्याच्या त्या पडवीत सफुराच्या बहिणीचा मुसअब, उरणहून मोटारसायकल हाणत येणारा अल्पेश आणि अलिबागच्या कोर्टात कारकुनी करणारी नेत्रा जमायची आणि वीस बाजूंचा फासा टाकून राक्षस मारायची. मुसअब गोष्ट सांगायचा, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. अल्पेश हातोडेवाला पैलवान, नेत्रा वैदू. आणि झियान, सफुराचा मुलगा, तो व्हायचा बहराम तांडेल, गलबताचा म्होरक्या.

झियान आखातात बार्जवर कामाला गेला आणि वादळात बार्ज बुडाली. बाकीचे सापडले, तो नाही. मशिदीत गायबाना नमाज झाली, मय्यत समोर नसताना पढतात ती. कबर झाली नाही. कब्रस्तानावरून जाताना बाया कुंपणाबाहेरून आपापल्या माणसाच्या जागेकडे बघून घ्यायच्या. सफुराला कुठं बघावं कळायचं नाही.

जाण्याआधी झियान जो शेवटचा डाव खेळला, त्यात बहराम तांडेल विषारी बाण लागून बेशुद्ध पडला होता. खेळाच्या जुन्या पुस्तकात नियम होता की बेशुद्ध माणसाला साथीदार जोवर उचलून नेतात, तोवर तो मरत नाही. झालं! पैलवानानं ढाल टाकली, सोन्याचा हंडा टाकला, शेवटी हातोडाही टाकला आणि तांडेलाला खांद्यावर घेतलं. गुहांतून नेलं, झुलत्या पुलांवरून नेलं, एकदा तर राक्षसाच्या जबड्यातून आत नेऊन बाहेर आणलं. हातोडा गेल्यापासून बिचारा नुसत्या थपडा मारून राक्षस लोळवत होता. दर रविवारी त्याची कुरकुर ठरलेली, "आयला, काय जड हाय हा! चाची, याला खायला काय घालायची गं तू?" सफुरा आतून ऐकायची आणि भातात मूठभर तांदूळ वाढवायची.

आता ती पुस्तक घेऊन पडवीत आली.

"ते ना चाची," अल्पेशनं घसा खाकरला, "स्वयपाकाचा पुस्तक हाय."

"घोरपडीच्या?"

नेत्रानं कपाळावर हात मारला. "सांगून टाका रे. खोटी साक्ष मला जमत नाही."

मग हळूहळू बाहेर आलं. खेळाचे नियम बदलले होते. अल्पेशनं हौसेनं नवं पुस्तक मागवलं, कारण त्यात पैलवानाला एका दमात दोन घाव होते. वैदूची मात्र निम्मी औषधं काढून घेतली होती, म्हणून नेत्रा लिहिणाऱ्यांना नोटीस पाठवायला निघाली होती. आठवडाभर दोघं फोनवर भांडली. आणि आज इथं बसून वाचता वाचता अल्पेश बेशुद्ध माणसांच्या पानावर पोचला. तेवढ्यात सफुराची पावलं वाजली आणि दाराच्या आतलं पिंप हाताशी होतं.

"काय हाय त्या पानावर?"

मुसअबनं मान खाली घातली. "नुसतं उचलून नेऊन आता चालत नाही, खाला. डाव सुरू करताना फासा टाकायचा. दहाच्या खाली पडला तर…"

"तर?"

"मेला. आणि फासा ज्याचा माणूस त्यानंच टाकायचा."

"म्हनून आमी ठरवला, नवीन नियम चुलीत!" अल्पेश उसळला. "जुनाच खेळायचा."

"माझ्यासाठी?"

अल्पेश चटईचे धागे उपटू लागला.

"आणि मी समजत होते," सफुरा म्हणाली, "तुम्हाला त्याला खाली ठेववत न्हाय. म्हणून रांधत होते दर रविवारी." तिनं पुस्तक चटईवर ठेवलं. "आण तो फासा. बँकेत, कंपनीत, सगळीकडं त्याच्या जागी मीच सही करते. हे पण मीच करते."

तिनं फासा टाकला. तो टणाटण उडत पडवीतल्या जुन्या फ्रिजखाली गेला. अल्पेश पोटावर आडवा झाला, आत बघितलं आणि ओरडला, "वीस! चाची, वीस पडले!"

"वीसच आहेत!" खोटी साक्ष न जमणारी नेत्रा बसल्या जागेवरून म्हणाली.

"हात लावू नको त्याला," सफुरा म्हणाली. गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली, मग गाल फरशीला लावला. आत धुळीत तीनचा आकडा वर करून फासा पडला होता.

"तुमच्यात वीस असा लिहितात काय रे?"

बाहेर दिघीला निघालेल्या फेरीबोटीचा भोंगा वाजला आणि थांबला.

"मेला ना?" सफुरा उठून बसली. "मग माती द्या त्याला. रीतसर."

नेत्रा घाईघाईनं पुस्तक चाळू लागली. वजन उचलण्यावर पानंच्या पानं होती, दोरखंडांवर अख्खं पान होतं, कबर खणण्यावर एक ओळ नव्हती. मुसअबनं तिच्या हातून पुस्तक घेऊन मिटलं. "कुठं, खाला?"

"पाण्यापासून लांब. उंचावर." ती थोडी थांबली. "पण तिथून पाणी दिसू दे. न्हायतर करमायचं न्हाय त्याला."

मुसअबनं टेकडी सांगितली. पैलवानानं थपडा मारायच्या त्याच हातांनी खड्डा खणला. वैदूनं उरलेली सगळी औषधी पानं खाली अंथरली. तांडेलाला हलकेच ठेवलं. मग कबरीवर माती देतात तशा एकेकानं तीन-तीन रिकाम्या ओंजळी चटईवर उलट्या केल्या. सफुरानं सगळ्यांत शेवटी. तिच्या हाताला चिकटलेले तांदूळ तेवढे खाली पडले.

मग अल्पेशनं आपल्या पैलवानाजवळचं सामान टिपायचा कागद ओढला आणि तांडेलाचं वजन लिहिलेली ओळ खोडरबरानं खोडली. कागद फाटेल इतकं खोडलं.

"हात मोकळे झाले तुझे," मुसअब म्हणाला. "हातोडा लिही परत."

"अल्पेश," सफुरानं विचारलं, "लय जड होता काय रे?"

"न्हाय चाची. जराबी न्हाय."

त्यानं पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

"हातोडा फुडच्या रविवारी उचलतो," तो म्हणाला. "आज खांदा जाम दुखतंय."