सोपानरावांची पहिली रांग

आमच्या झरीच्या शाळेत नवा मास्तर रुजू झाला, की बाकीचे त्याला गाव विचारतात, सासुरवाडी विचारतात. प्रयोगशाळा सहायक सोपानराव मात्र म्हणतात, "पत्ता सांगा. तुमचा न्हाई, फोनचा."

प्रत्येक फोनला कारखान्यातच बारा अक्षरांचा एक पत्ता चिकटवलेला असतो, हे मला त्यांच्यामुळंच कळलं. शाळेचं वायफाय त्यांच्या ताब्यात. सगळे पत्ते राउटरमध्ये भरून त्यांनी तीन रांगा लावलेल्या. पहिल्या रांगेला नेट आधी, उरलं तर दुसरीला, आणि तिसरी देवाच्या भरवशावर. मी तिसरीत.

"सोपानराव, मी इंग्रजी शिकवतो हो!"

"तुमचा फोन काल दोन तास किरकेट शिकवायलता."

खेळाच्या मास्तरांनी एकदा युक्ती केली. फोनचा पत्ता आपोआप बदलेल, अशी सोय लावली. सोपानराव स्टाफरूममध्ये आले. "कुनीतरी सोंग घेऊन फिरायलंय," म्हणाले आणि त्यांनी तो अनोळखी पत्ता तिथंच बंद केला. कोपऱ्यात खेळाचे मास्तर फोनला चापट्या मारू लागले. "घावला!" सोपानराव म्हणाले.

मग गेल्या महिन्यात, मधल्या सुट्टीत, हेडमास्तरांची शिक्षण खात्याच्या साहेबांशी ऑनलाइन मीटिंग होती. ऐन उत्तराच्या वेळी चित्र गोठलं. तिकडून साहेब म्हणाले, "तोंड उघडलंच आहे, तर बोला की!"

हेडमास्तर तडक प्रयोगशाळेत. मी तिथंच होतो.

"मी कितव्या रांगेत?"

"दुसऱ्या."

"आणि पहिल्या रांगेत कोण?"

"एकच फोन हाय. कौसाबाईचा."

कौसाबाई शाळेत खिचडी शिजवतात. हेडमास्तर लालबुंद झाले. "उद्यापासून राउटर माझ्या केबिनमध्ये!"

सोपानराव वाद घालत बसले नाहीत. "चला," म्हणाले आणि आम्हाला स्वयंपाकखोलीच्या मागं घेऊन गेले.

कौसाबाईंनी डाळीच्या डब्याला फोन टेकवला होता. पडद्यावर त्यांची मुलगी, नांदेडच्या निवासी शाळेत शिकणारी. तिला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. मायलेकी हातांनी बोलत होत्या, भराभरा.

"सर, आपला आवाज तुटला तर अंदाज लागतो," सोपानराव हळूच म्हणाले. "हिचे हात मधीच थांबले, तर मायीला काय कळावं? या सुट्टीतच तिला फोन मिळतो."

हेडमास्तर दोन पावलं मागं सरले. मग म्हणाले, "या वेळेपुरतं मला तिसरीत टाका." आणि गेले.

तेवढ्यात मुलीला सोपानराव दिसले. तिनं हात हलवले. त्यांनीही बोटं जुळवून, चाचपडत काहीतरी केलं. मुलगी खळखळून हसली, पुन्हा करून दाखवा, असं हातांनीच म्हणाली.

"काय विचारलंत?" मी म्हणालो.

"जेवलीस का, म्हणून."

सोपानराव एकटेच राहतात, भाड्याच्या खोलीत. चष्मा पुसत ते म्हणाले, "ती बी मला तेच इचारती. रोज."