बाबी पेंटरच्या फळ्या

भांडण ऐन रंगात आलेलं असताना कुणी 'रव रव!', म्हणजे 'थांब थांब!', म्हणत मध्ये शिरला, तर आपल्याला वाटतं तो सोडवायला आलाय. आमचा शेजारी बाबी पेंटर लिहून घ्यायला यायचा. "रव रव, ह्यां लिवक व्हया! परत बोल बघू!" असं म्हणून तो वही उघडायचा आणि शिवी देणाऱ्याचा सगळा जोर तिथेच ओसरायचा.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाबी त्यांची नावं रंगवून द्यायचा. दुकानांच्या पाट्या फ्लेक्सवर गेल्या आणि उरलेलं वर्ष तो रिकामा झाला. मग मोडक्या होड्यांच्या फळ्या आणून त्यांवर लोकांचं बोलणं रंगवू लागला. भोवती जाळ्याचे तुकडे, शिंपले, एसटीची तिकिटं चिकटवायचा. "गो बाय, बांगडो ताजो आसा, तोंड कित्या वाकडा करतंस?" ही फळी त्याने कुंपणाला टेकवून ठेवली, तेव्हा बांगडेवालीने आठवडाभर त्याला मासळी दिली नाही.

कणकवलीच्या एका कॉलेजातल्या चित्रकलेच्या सरांनी या फळ्यांचं प्रदर्शन ठरवलं आणि माझी झोप उडाली. कुंपणावरच्या एका माडावरून धाकट्या भावाशी, वसंताशी भांडताना मी ओरडलो होतो, "मेलंस तरी खांदो देवचंय नाय!" बाबीने ते तिथल्या तिथे उतरून घेतलं होतं, म्हणजे त्याचीही फळी झालीच असणार. त्यानंतर दोन वर्षं आम्हा भावांचा अबोला. तो नुकता कुठे मिटला होता, तोही वसंत मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून. आता ते वाक्य त्याने भिंतीवर वाचलं असतं, तर सगळंच मुसळ केरात!

"ती फळी लावू नको रे," मी बाबीच्या हातापाया पडलो.

"बघूया," एवढंच तो म्हणाला. त्यात वसंत "माका पण बघूचा आसा" म्हणत आमच्याबरोबर एसटीत चढला.

कॉलेजच्या हॉलमध्ये वसंत एका फळीपुढे थांबला तो हलेचना. मी धडपडत जवळ जाऊन पाहिलं. मधोमध मोडलेली फळी, दोन्ही तुकडे जाळ्याच्या दोरीने करकचून बांधलेले आणि वर निळ्या तेलरंगात, "आमचो वसंतो बरो आसा मां?"

अबोल्याच्या दिवसांत मी बाबीला हे विचारायचो. तो दोन्ही घरांत जायचा ना!

"ह्यां कधी इचारलंस?" वसंताने मला विचारलं. बाबीच म्हणाला, "रोज सांजेक. माझी वही भरली रे!"

वसंताने माझा हात घट्ट धरला. छातीवरचा दगड उतरला. खोटं कशाला बोलू, डोळेही भरले.

"आणि ता दुसरा?" मी बाबीच्या कानाशी लागलो.

"ता तुझा बोलणा न्हय. रागाचा," तो म्हणाला.

कोपऱ्यात एक लहानशी फळी होती. तिला दाराची गंजलेली कडी ठोकलेली आणि खाली लिहिलेलं, "बाबी, आसस काय रे घरात?"

"ह्यां कोण म्हणता?" मी विचारलं.

"कोण नाय. कोणीतरी म्हणूक व्हया, म्हणान लिवलंय."

मला लाज वाटली. तो एकटा राहायचा, रोज आमच्या पायरीवर येऊन बसायचा, आणि त्याच्या दारात आम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

दिवेलागणीला आम्ही तिघं एकाच एसटीतून उतरलो. बाबी घरात शिरतो न शिरतो, तोच वसंत त्याच्या पडवीत चढला आणि मोठ्याने ओरडला, "बाबी, आसस काय रे घरात?"

आतून बाबी घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आसंय रे, आसंय. येवा, बसा."