हत्ती येणार नाही

गेल्या जानेवारीत, कोलार रोडवरच्या आमच्या कॉलनीच्या आनंदमेळ्याला एक दिवस उरला असताना, बापू देशकर यांनी भोंग्यावरून जाहीर केलं, की हत्ती येणार नाही. हत्ती ठरलेला होता. मुलांना पाठीवर बसवून फिरवण्यासाठी सेक्रेटरी चौबेजींनी तो स्वतः ठरवला होता.

बापू मूळचे नागपूरचे. उमेदीची सगळी वर्षं एका सर्कशीच्या प्रचारात गेली. रिक्षात बसून भोंग्यावर ओरडायचं, पत्रकं उडवायची. सर्कस बंद पडली, बापू भोपाळला आले. आवाज तसाच राहिला. म्हणून कॉलनीच्या घोषणा त्यांच्याकडे आल्या. "होशियार, खबरदार! आज, फक्त आज, ठीक तीन वाजता, पाण्याचा टँकर!" लोक बादल्या घेऊन पळत. टँकर रोजच यायचा. दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी वारले तेव्हा बापू "अंत्यदर्शनाची शेवटची संधी" असं म्हणून गेले. सगळ्यांत आधी कुलकर्णी वहिनीच हसल्या.

भोपाळलाच का आलात, असं विचारलं की म्हणत, "हवा चांगली आहे नं."

हत्तीची घोषणा ऐकून चौबेजी धावत आले.

"बापूजी, हाथी तो बुक है!"

"मी काल जवाहर चौकात पाहून आलो त्याला. साखळीखाली पाय सडलाय. वरून झूल टाकली आहे."

"आपने तो ज़िंदगीभर यही बेचा!"

"हाव," बापू म्हणाले. "म्हणून तर सांगतो."

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुढचं सगळ्या कॉलनीने ऐकलं.

"आमच्याकडे सुलतान नावाचा सिंह होता. मी गावभर ओरडायचो, नरभक्षक! त्याला दाढा नव्हत्या. खिमा खायचा. बँड सुरू झाला की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसायचा. एका गावात तो गुरगुरला नाही, म्हणून लोकांनी दगड मारले. डावा डोळा गेला त्याचा. नरभक्षक म्हणालो होतो मी."

चौबेजींनी माइक काढून घेतला. संध्याकाळपर्यंत बहुतेक आयांनी मुलांना पाठवायला नकार दिला आणि हत्ती रद्द झाला. बापूंना माइक परत मिळाला नाही. आता टँकरची सूचना मोबाइलवर येते. बरेच जण ती टँकर गेल्यावर वाचतात.

सुलतानचं पुढे काय झालं, ते बापूंनी सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रातल्या नोकरीची सवय, म्हणून मी चौकशी केली. सर्कशीतून सोडवलेल्या काही सिंहांना भोपाळला, तलावाच्या बाजूच्या एका केंद्रात ठेवलं होतं. सुलतान त्यांत होता. ते सिंह लोकांना दाखवत नसत. फाटकावरचे रखवालदार रामदीन तेव्हापासून तिथेच आहेत.

"बापूजी? शेर जिस महीने आया, उसी महीने वो भी आए. अंदर जाने की इजाज़त नहीं थी. हर इतवार फाटक पे पूछते, खाना खाया? मैं कहता, खाया."

सुलतान म्हातारा होऊन मेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. बापूंना हे माहीत आहे का, असं मी विचारलं.

"मैंने ही बताया था," रामदीन म्हणाले.

गेल्या रविवारीही बापू आले होते. फाटकाशी अर्धा तास उभे राहिले आणि सहाच्या बसने परत गेले.