काटेराव साळिंदराची खुंटी

एका जंगलात बियांचं कोठार होतं. जंगलात कोठार कशाला, असं विचारू नका. उन्हाळ्यात झाडांवर काही उरत नाही, म्हणून होतं. आता नीट मांडी घालून बसा.

कोठार होतं झुमरीबाई खारीचं. पावसाळा सरला की सगळे प्राणी आपापले दाणे तिच्याकडे ठेवत आणि लागतील तसे मागून नेत. बाई प्रामाणिक होती. फक्त कुणी नाराज झालेलं तिला बघवत नसे.

एकदा एक घूस आत शिरली आणि ओरडली, "सगळे दाणे काढून दे!" झुमरीबाईनं घाबरून टोपलंभर दाणे देऊन टाकले. दुसऱ्याच दिवशी तिनं पहारेकरी ठेवला, काटेराव साळिंदर.

त्याला घेऊन आला होता एक करकोचा. त्याचा धंदाच तो, पहारेकरी पुरवण्याचा. तो म्हणाला, "बाई, हा स्वतःचं डोकं अजिबात चालवत नाही. सांगाल तेवढंच करतो. ही खुंटी घ्या, दाराला ठोका. कडक, मध्यम किंवा फक्त नोंद, हवी तिकडे फिरवा."

"मध्यमवर काय होतं?"

"ते अजून कुणी विचारलं नाही," करकोचा म्हणाला आणि उडाला.

झुमरीबाईनं खुंटी कडकवर फिरवली आणि काटेरावाला बजावलं, "'काढून दे' म्हणेल तो चोर. त्याला आत सोडायचं नाही."

सकाळी ढालेकाका कासव आले. तीन दिवस चालून आले होते बिचारे.

"राम राम काटेराव. माझे थोडे शेंगदाणे काढून दे, म्हणावं बाईला."

काटेरावानं सगळे काटे उभे केले. "चोर!"

"अरे, मी तुझ्या आजोबांच्या बारशाला जेवलोय!" असं म्हणत काकांनी मान आत घेतली. त्यांच्यामागे ससा होता, मागे सांबर होतं. सगळे तेच बोलले आणि सगळे चोर ठरले. दुपारपर्यंत रांग ओढ्याला भिडली.

मग आली घूस. ती अदबीनं म्हणाली, "दाणे कृपया बाहेर आणावेत, ही नम्र विनंती."

काटेरावानं सलाम ठोकून दार उघडलं.

हसताय काय? त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं.

संध्याकाळी सगळं जंगल झुमरीबाईच्या अंगावर आलं. "आमचेच दाणे, आणि आम्हीच चोर?" बाईचा जीव अर्धा झाला. तिनं खुंटी गर्रकन 'फक्त नोंद'वर फिरवली. "आठवडाभरच हं. जरा अंदाज घेऊ, मग बघू."

तो आठवडा काही संपला नाही. खुंटीवर वेल चढला, वेलाला फुलं आली. सगळ्यांना सहज आत जाता येऊ लागलं. कुणाची तक्रार नाही, म्हणून बाईही खूश.

घूस तर फारच खूश. ती रोज दुपारी सहकुटुंब येऊन खुशाल 'काढून दे' म्हणू लागली. काटेराव बाजूला सरून तिला वाट देई आणि सागाच्या पानावर टोकदार काट्यानं लिही, 'घूस आली. चोर आहे. आत गेली. बाहेर आली. पोतं भरलेलं.' अक्षर मोत्यासारखं.

उन्हाळा लागला. ढालेकाका पुन्हा तीन दिवस चालून आले. कोठारात एक दाणा नव्हता. झुमरीबाई उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

चौकशीला हत्तीसाहेब आले.

"पहारा होता?"

"होता, साहेब."

"नोंदी आहेत?"

काटेरावानं पानांचा भारा पुढे ठेवला. साहेबांनी पानन् पान वाचलं आणि भारा कपाळाला लावला. "इतकी व्यवस्थित चोरी मी आजवर पाहिली नाही! या कोठाराला 'उत्तम पहाऱ्याचं कोठार' असा मान देण्यात येत आहे."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात घुशीनं वाजवल्या.

"साहेब," मागून ढालेकाका म्हणाले, "पण मी खाऊ काय?"

हत्तीसाहेबांनी भाऱ्यातून एक पान उपसून त्यांच्या हातात दिलं. "हे घ्या. तुमचे शेंगदाणे कोणी, केव्हा नेले, सगळं यात आहे."

काकांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं. मग ते खाऊन टाकलं.

तात्पर्य: अडवणारा पहारेकरी कुणालाच आवडत नाही. म्हणून चोरासकट सगळे खूश राहतील असाच पहारा ठेवावा. नोंदी मात्र कोवळ्या पानांवर कराव्यात, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना साग चाववत नाही.