धुरीकाका आणि काकूंच्या डोक्यातली गल्ली

आमच्या परळच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पाहुणा आला आणि त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, की समोरच्या दारातून धुरीकाका विचारणार, "काय, प्रेशर कसं आहे तुमच्याकडे?" पाहुणा बिचारा स्वतःचं ब्लडप्रेशर सांगून मोकळा होतो.

काका महापालिकेत चावीवाले होते. रस्त्यातल्या झाकणाखालचे व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायचं काम. निवृत्तीनंतर चावी हातातून गेली आणि जिभेवर येऊन बसली. जगात काहीही बिघडलं, तरी यांचं निदान ठरलेलं: "फ्लो चुकलाय." माझं प्रमोशन अडलं, फ्लो. गणपतीत लालबागला गर्दी तुंबली, फ्लो. माझ्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही त्यांनी तोंड उघडलं होतं. मी हात जोडले म्हणून वाचलो.

मध्यंतरी त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं, डोकं सारखं दुखायला लागलं. तपासणीत मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आलेला निघाला. हॉस्पिटलात मीही गेलो. डॉक्टरला काकांच्या तावडीत एकटं सोडणं माणुसकीला धरून नव्हतं.

"शिरेत आतून एक बारीक जाळीची नळी बसवायची, स्टेंट," डॉक्टर सांगू लागले. "जाळी दाट असली की रक्त फुग्यात न घुसता सरळ पुढे जातं. आतलं रक्त थबकतं, गोठतं आणि काही महिन्यांत फुगा बंद होतो."

"मग एकदम गच्च जाळी घ्या की, साहेब! भोकं ठेवताच कशाला?" पाणी खात्याने मेंदूचा ताबा घेतला.

"फुग्याशेजारून एक बारीक फांदी फुटते. जाळी तिच्या तोंडावरून जाणार. फार गच्च झाली, तर तिला रक्त मिळणार नाही."

"ती गल्ली जाते कुठे?"

"बोलण्याच्या भागाकडे."

काका गप्प झाले. असा प्रसंग पुन्हा येणार नाही म्हणून मी घड्याळ पाहिलं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "फुगा दोन महिने उशिरा बंद झाला तरी चालेल साहेब. पण ती गल्ली सुकी ठेवू नका. माझ्याशी बोलणारी ती एकटीच आहे. बाकी सगळे मला बघून दार लावून घेतात."

सगळ्यांत मीही होतो. मी घड्याळ बघायचं थांबवलं.

दोन्ही सांभाळेल अशी जाळी निवडू, पण धोका शून्य नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांनी सही केली.

ऑपरेशननंतर आम्ही आत गेलो, तेव्हा काकू डोळे मिटून पडल्या होत्या. काका कॉटजवळ वाकून उभे राहिले. हाक मारायचा धीर त्यांना होईना.

काकूंनी डोळे उघडले. नवऱ्याला नीट निरखून घेतलं.

"डॉक्टराक तरी बोलूक दिलात मां?"

काकांनी स्टूल ओढलं, काकूंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "बोल गो. अजून बोल."