पिस्टनचं निदान

वादळात अंगणातलं झाड फाटकावर आडवं पडलं, तेव्हा दंतवैद्यांना मनातून बरंच वाटलं. सासऱ्यांची जुनी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत, चालवून बघायला अखेर कारण मिळालं होतं. बायकोची गाडी मात्र आत अडकली होती.

"मी लाकूडतोड्याला बोलावते," ती म्हणाली.

"घरात करवत असताना?"

दोरी ओढून ओढून खांदा दुखला, करवत काही सुरू होईना. म्हणून त्यांनी ती खोलली. आतल्या पिस्टनवर एका बाजूला उभे ओरखडे होते. हाच पुन्हा बसवायचा की टाकून द्यायचा? नवा मिळणं कठीण, कारण ती करवत बनवणारा कारखानाच कधीचा बंद पडला होता. आणि जुना बसवला नि आत अडकला, तर सिलिंडरही हातचा जायचा. पिस्टनची रिंग मोकळी फिरत होती, सिलिंडर आतून गुळगुळीत होता. ओरखडे वरवरचे की खोल, एवढंच कळेना. दंतवैद्यांनी नख फिरवून पाहिलं, भिंगातून पाहिलं, दात बघायच्या आरशातूनही पाहिलं. जेवायच्या वेळी पिस्टन टेबलावर आला, तशी बायको आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली.

सकाळी घराच्या पुढच्या खोलीतल्या दवाखान्यात पहिला पेशंट आला तो आडव्या झाडावरून ढांग टाकून. जन्मभर मोटारी दुरुस्त केलेले मेकॅनिककाका. दंतवैद्यांना पेशंटपेक्षा मेकॅनिकच आल्याचा आनंद जास्त झाला. त्यांनी घाईघाईने इंजेक्शन दिलं, तोंडात कापसाचे बोळे कोंबले आणि पिस्टन समोर धरला.

"काका, हा पुन्हा वापरावा का?"

"ऊं ऊं," काकांनी जोरजोरात मान हलवली आणि डावीकडे बोट दाखवलं.

"अगदी बरोबर. ओरखडे डावीकडेच आहेत."

काकांनी उजव्या गालावर हात ठेवला आणि नकारार्थी बोट हलवलं.

"म्हणजे उजवीकडे हात लावायचा नाही. डावीकडून तेवढं घासायचं. बारीक पॉलिश पेपरने ना?"

काकांनी कपाळाला हात लावला.

"खरंय, एवढी साधी गोष्ट. मी उगाच घोळ घालत बसलो. औषध चढू दे, आलोच मी."

काका वाट बघून बघून खुर्चीतच पेंगले. मागच्या अंगणात दंतवैद्यांनी पिस्टन घासला, पुसला, प्लग साफ केला, सगळं पुन्हा जोडलं. तिसऱ्या झटक्याला करवत गरजली. झाडाचे तुकडे झाले, फाटक मोकळं झालं. बायकोने गाडी बाहेर काढताना काच खाली करून करवतीकडे आणि मग नवऱ्याकडे नीट बघून घेतलं.

अंगभर भुसा घेऊन दंतवैद्य परतले, तेव्हा काका जागे होते आणि बोळे वाटीत होते.

"डॉक्टर, डावी दाढ दुखतेय. तुम्ही उजवीकडे टोचलंत. मघापासून तेच सांगत होतो."

दंतवैद्य स्टुलावर टेकले. "आणि पिस्टनचं?"

"कसला पिस्टन? चष्मा तुम्हीच काढून ठेवायला लावलात. मला वाटलं, कवळीचा साचा दाखवताय."

दंतवैद्यांनी मोबाइलवरचा पिस्टनचा फोटो पुढे केला. काकांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

"हा बसवलात? मी भंगारात टाकला असता."

"पण चालला."

काकांनी खिडकीतून ओंडक्यांकडे पाहिलं. "चालला खरा. तापल्यावर ओरखडे वाढले असतील का?"

"तेच माझ्या डोक्यात घोळतंय." दंतवैद्यांनी नाइलाजाने नवी सिरिंज उचलली. "पण आधी तुमची डावी बाजू."

"दाढ कुठे पळून जात नाही," काका खुर्चीतून उतरत म्हणाले. "पाना कुठाय?"

बाहेर मदतनीस बाई पुढच्या पेशंटला समजावत होत्या, "थोडं बसावं लागेल. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. केस अवघड दिसतेय, दुसऱ्या डॉक्टरांनाही आत घेतलंय."