चोरलेली थंडी

नीट बसा, बाळांनो, आणि तो पंखा जरा माझ्याकडे वळवा.

एका वाळवंटात तरस महाराज राज्य करत होते. ऊन असं की सरडेसुद्धा आळीपाळीने पाय उचलून उभे राहत. शेजारीच एक डोंगर होता. पायथ्याशी गार वारा, मध्यावर पाऊस, माथ्यावर बर्फ. पण वर कुणी जात नसे. कारण डोंगर ही शिक्षेची जागा होती. चोरांना तिथे हद्दपार करत. सभ्य प्राणी खालीच भाजत बसत.

एकदा महाराजांना उकाडा अगदी सोसेना.

"आम्ही वर जाणं शोभत नाही," ते म्हणाले. "थंडीला खाली आणा."

म्हातारा उंट राणोजी कातडी पखाली घेऊन माथ्यावर गेला. त्याने त्यांत थंडी भरली, तोंडं घट्ट बांधली आणि रखरखत्या उन्हातून परत आला. दरबारात पखाल उघडली. आतली गरम वाफ थेट महाराजांच्या तोंडावर आली.

"थंडी कुठंय?"

"भरली तेव्हा होती, महाराज."

"म्हणजे वाटेत यानेच खाल्ली," प्रधान माळढोक म्हणाला.

राणोजीने जन्मात कुणाचं काटेरी झुडूपही न विचारता चघळलं नव्हतं. म्हातारपणी चोर ठरल्याचं त्याला फार वाईट वाटलं. तो रडत रडत डोंगरावर गेला.

काही दिवसांनी त्याचा निरोप आला. "इथे फार हाल आहेत. रात्री पांघरूण घ्यावं लागतं."

तो निरोप वाळवंटभर पसरला. दुसऱ्या दिवशी दरबारात रांग लागली.

"मीही थंडी खाल्लीय," उंदीर म्हणाला.

"कधी?"

"लहानपणी. नीटसं आठवत नाही, पण शिक्षा द्या."

ससा गेला, साळिंदर गेलं. शेवटी प्रधानजी पुढे आले.

"महाराज, मी राणोजीवर खोटा आळ घेतला. गुन्हा मोठा आहे. मला सहकुटुंब पाठवा."

"मग राणोजी निर्दोष ठरला. त्याला परत बोलवा."

वरून ताबडतोब उत्तर आलं. "नाही महाराज. मीच खाल्ली. अजूनही खातोय."

हळूहळू वाळवंट रिकामं झालं. महाराज एकटे उरले. तेही म्हणू लागले, "मी गुन्हेगार आहे." पण राजाच्या हातून गुन्हा होऊच शकत नाही, हा कायदा त्यांनीच केला होता. तो बदलायला सभा लागे, आणि सभा डोंगरावर शेकोटीभोवती बसली होती.

तात्पर्य: गुन्हा कबूल केल्याने मन हलकं होतं, शिवाय हवापालट होतो. ज्यांच्या हातून कधीच चूक होत नाही, त्यांनी पंख्याची सोय आधी करून ठेवावी.